मेंदीपलीकडची जागा

अंतू, तू गेल्याला उद्या महिना होतो, चर्चमध्ये तुझ्या महिन्याची मिस्सा आहे. मिस्सेनंतर चर्चच्या मंडपात पोहे ठेवायचे, तर्री वेगळी, असं फिलोमिनाने ठरवलंय. तुझी बायको ती, बरोबरच ठरवलं तिने. पोह्यावर तर्री, तर्रीवर पुन्हा तर्री, आणि मग "थोडे पोहे दे गा, तर्री उरली" असं म्हणणारा तुझ्यासारखा माणूस आपल्या बोरटेकमध्ये दुसरा झाला नाही.

तुझा प्रकाश मला म्हणाला, "आत्या, मिस्सेनंतर तू बाबांबद्दल दोन शब्द बोल न."

मी म्हटलं, "बापू, दोन शब्दांवर मी कधी थांबली का? लिहून देते. तूच वाच."

म्हणून इथे नागपूरला, मनीषनगरच्या गॅलरीत वही घेऊन बसले आहे. चौथीपर्यंतची शाळा माझी, पुढचं सगळं वाचून वाचून शिकले, तेव्हा चुका होतील, त्या तू काढू नको. पहिलं पान लिहिलं होतं लोकांसाठी. अँथनी हे मनमिळाऊ होते, कष्टाळू होते, असं. वाचलं आणि फाडलं. तो माणूस कोण ते मलाच कळेना. शिवाय जे सांगायचं आहे ते तुलाच सांगायचं राहून गेलंय, आणि आधी लोकांना सांगितलं तर तू, मोठ्या बहिणीला बाई म्हणणारा, म्हणशील, "वा वं बाई, मले सोडून गावाले."

सुरुवात भांडणानेच करते. तुझ्या पेटीवरून.

तू गेलास सकाळी. फोन आला तशी मी निघाले, बस मिळून पोचेपर्यंत दुपार झाली. घरात शिरले तर तू पेटीत. प्रकाशने नागपुरातून मागवलेली. प्लायवूड, वरून चकचकीत सनमायका, दोन्ही अंगांना सोनेरी मुठी.  मला वाटलं, आता हा उठतो, बोटाच्या पेराने ठोकून पाहतो आणि म्हणतो, "काय आणलं गा प्रकाश हे? खोक्याले पावडर लावून?" बोरटेकच्या निम्म्या कबरस्तानाला तू पेट्या करून दिल्यास. गरीब असो, पैसेवाला असो, आंब्याची फळी असो की सागाची, रंधा सारखाच मारायचास. आतून सुद्धा मारायचास. मी एकदा विचारलं होतं, आतून कोण पाहतं रे? म्हणालास, "ज्याले झोपायचं आहे तो."

आणि तुला सनमायका मिळाली. प्रकाशला बोलले नाही मी. त्याचा बाप गेलेला. पण तुला सांगते, आतून मी चाचपून पाहिलं. रंधा नव्हता मारलेला. मग माझी ती जुनी मऊ शाल तुझ्या पाठीखाली घातली. फिलोमिनाने पाहिलं आणि शालीचं दुसरं टोक नीट केलं.

उद्या येणाऱ्या नव्या पोरांना आपलं घर कुठून आलं ते माहीत नाही. त्यांना वाटतं, आपण असेच उगवलो. तर हे तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. तू ऐकलंच आहेस, पण बाबा सांगायचे तेव्हा दर नाताळात तू पहिल्यांदा ऐकल्यासारखा बसायचास, तसा बस.

आपलं घराणं मागे मागे नेलं की एका पोरापाशी जाऊन थांबतं. त्याच्या मागे काही नाही. गाव नाही, आडनाव नाही, जात नाही, आईबाप नाहीत. मोठ्या दुष्काळात मिशनच्या विहिरीजवळ पडलेलं सापडलं. चार-पाच वर्षांचं असेल. तेव्हाच्या फादरने पाहिलं तर मरायला टेकलेलं. औषध नाही, डॉक्टर नाही. फादरने लोट्यातलं पाणी त्याच्या कपाळावर घातलं, जोसेफ नाव दिलं, मरणाऱ्याला देतात तो घाईचा बाप्तिस्मा दिला, आणि खड्डा खणायला माणूस बोलावला. माणूस कुदळ घेऊन आला तोवर पोराने डोळे उघडले आणि पेज मागितली.

तो आपला पणजोबा. मिशनने त्याला सुतारकाम शिकवलं, कारण संत जोसेफ सुतार होते आणि मिशनला बाकं हवी होती. चर्चमधली पुढची बाकं त्याच्या हातची. मागची आजोबांच्या, डावीकडची बाबांच्या. तू पाय बदललेस सगळ्यांचे, वाळवी लागली तेव्हा. संत्र्याच्या दिवसांत खोकी, लग्नसराईत पलंग, आणि बाराही महिने पेट्या. कुणी बाबांना कुळाबिळाचं विचारलं की बाबा म्हणायचे, "आमचे पूर्वज म्हणजे लोटाभर पाणी."

म्हणूनच आपल्या घरी ते पाणी घालणं सगळ्या पोरांना शिकवायचे. फादर एक, गावं भारंभार, कोण कधी जाईल सांगता येत नाही. फादर जवळ नसले आणि कुणी मरायला टेकलं तर घरचं कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, बाई असो, पोर असो. रविवारी मिस्सेनंतर बाबा आपल्याला ओसरीवर उभं करायचे. हातात लोटा. "आधी काय?" आपण ओरडायचो, "नाव!" "मग?" "पाणी आणि शब्द!" पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. एकदा तू मांजरीला दिलास बाप्तिस्मा. तिचं नाव पीटर ठेवलंस. बाबांनी कान पिळला तर म्हणालास, "मरून राहिली होती बाबा, खरंच." मांजर भिंतीवर बसून पाय चाटत होती. आणि पुढे त्या पीटरने चार पिल्लं घातली.

हसले बघ लिहिताना. आता पुढचं लिहायचं आहे तर हात जड झालाय. चहा घेऊन आले, पुन्हा बसले.

मे महिना होता. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बावीस वर्षांची. तू सतरा. बाबा बाकं पोचवायला नागपूरला गेलेले, माझे हे नोकरीवर. पोरगा पहाटे झाला. सुईण म्हणाली, लहान आहे, पण होईल सगळं बरं, आणि गेली. दुपारी ऊन असं की ओसरीवर पाय ठेववेना. आईने बाळाला पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. ओठ निळे पडले होते त्याचे. आई दवाखान्यातल्या नर्सला आणायला पळाली. अनवाणी पळाली. पळता पळता आपल्या सुतारीच्या कारखान्याच्या दारातून तुला ओरडली, "अंतू! बाईजवळ जा! पाणी घाल पोराले, नाव घे!"

तू आलास. अंगावर भुसा, हातात पितळी लोटा.

पुढचं गावाला माहीत आहे ते असं. नर्स आली तोवर बाळ गेलं. संध्याकाळी फादर आले. तेव्हाचे फादर म्हातारे, कडक, पण वाईट नव्हते. नियमाची माणसं होती ती. दारात उभे राहून तुला विचारलं, "पाणी घातलंस?"

"घातलं, फादर."

"शब्द उच्चारलेस?"

मी आतल्या खोलीत बाजेवर. दार उघडं. तुझी पाठ दिसत होती मला. तू चौकटीला हात टेकलास. मग म्हणालास, "मले आठवून नाही राहिलं, फादर."

फादरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा विचारलं, अगदी हळू विचारलं, जणू त्यांनाही तू हो म्हणायला हवं होतं. "आठव, पोरा."

"नाही आठवत."

झालं. शब्दांशिवाय बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्म्याशिवाय कबरस्तानात जागा नाही. आपल्या कबरस्तानाच्या उत्तरेला मेंदीचं कुंपण आहे, त्याच्या पलीकडे हातपंपापर्यंतचा तुकडा अशा पोरांसाठी होता. त्या मातीवर पवित्र पाणी शिंपडत नसत. क्रूस लावत नसत. तेव्हाची शिकवण अशी, की बाप्तिस्मा न झालेलं बाळ स्वर्गात जात नाही. नरकात पण नाही. मधल्या एका जागी राहतं, जिथे दुःख नाही पण देवाचं तोंड दिसत नाही. आता कुणी असं शिकवत नाही म्हणे. पण मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला तसंच शिकवलेलं होतं. माझं दूध उतरलं होतं, आणि माझं पोर मेंदीच्या पलीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुला काय बोलले ते तुझ्यासारखंच मलाही पाठ आहे. "एक शब्द खोटा बोलला असता तर तुह्यी जीभ झडली असती काय? हो म्हणायचं होतं न! कोण पाहायले आलं होतं?"

तू खाली बघून म्हणालास, "फादरले खोटं कसं सांगू, बाई?"

"मग मरणाऱ्या पोराजवळ उभं राहून शब्द विसरला कसा? मांजरीले आठवले, माह्या पोराले नाही आठवले?"



गावाने पण तुला सोडलं नाही. पेटी करायला आलेलं माणूस सुद्धा थट्टेत म्हणायचं, "अंतू, माप तं लक्षात राहील न गा?" तुझ्या लग्नाच्या वेळी फिलोमिनाच्या मावशीने विचारलं होतं, हाच का तो, पाणी घालता न आलेला? तेव्हा मी तिथेच होते, अंतू. लाडवाचं ताट हातात घेऊन उभी होते. ऐकलं आणि पुढच्या पंगतीला लाडू वाढायला गेले.

सहा वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. आई गेली तेव्हा बोलले. तिची पेटी तू केलीस, मी आत मऊ कापड शिवलं, एकाच दिव्याखाली बसून, तेव्हा बोलणं सुरू झालं ते "कात्री दे" पासून. मग पुन्हा सगळं सुरळीत. राखी नाही आपल्यात, पण नाताळच्या करंज्या, माझ्या पोरांची लग्नं, यांच्या आजारपणात तू रोज बसने येऊन बसायचास. तुझ्यासारखा भाऊ कुणाला नव्हता. फक्त ती एक गोष्ट जेवणाच्या ताटात खड्यासारखी. आपण दोघंही जिभेने बाजूला सारून जेवत राहिलो.

पेटीवरून आठवलं. माझ्या बाळाचीही तूच केलीस. त्या संध्याकाळी मी वाट पाहत होते हातोडीचा आवाज येईल म्हणून. आला नाही. मला वाटलं, पळून गेला कुठे तरी. आणि सकाळी पेटी तयार. मनात म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून आणली असेल. पुढे कितीतरी वर्षांनी फिलोमिनाने सांगितलं. आजोबांच्या हत्यारपेटीचा सागाचा खण मोडून केली होतीस. एकही खिळा नाही. सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून. खिळा ठोकला असता तर ठोकण्याचा आवाज आतल्या खोलीत आला असता, म्हणून. तिला तू सांगितलंस ते. मला नाही.

दर वर्षी दोन नोव्हेंबरला, आपल्या मृतांच्या दिवशी, आपण सगळे कबरीवर जायचो. गवत काढायचं, चुना मारायचा, झेंडूची फुलं, मेणबत्त्या. पणजोबांपासून आईपर्यंत सगळे एकाच कबरीत, एकावर एक, वीस-पंचवीस वर्षांनी उघडून पुढच्याला जागा करून देतात तशी. तू चुना मारून झाला की खुरपं घेऊन मेंदीकडे निघायचास. जाता जाता विचारायचास, "येते का वं, बाई?"

"तू जा. माझे गुडघे दुखतात."

तिशीत पण माझे गुडघे दुखायचे, अंतू. दर दोन नोव्हेंबरला. तिकडे खुणेला तू सागाची खुंटी ठोकली आहेस, वाळवी लागली की बदलतोस, हे मी ऐकून होते. पाहिली कधीच नव्हती. मेणबत्ती मात्र एक जास्त आणायचे. ती न सांगता तुझ्या पिशवीत टाकायचे. तू न विचारता न्यायचास.

शेवटचा आलास तो जुलैत. माझं न्हाणीघराचं दार फुगलं होतं. मुलगा मोबाईलवरून कुणाला तरी बोलवत होता, तर तू पंचाहत्तराव्या वर्षी रंधा पिशवीत घालून बसने आलास. "मी जिता असताना माह्या बहिणीच्या दाराले दुसरा हात लावते काय?" दार काढलंस, रंधलंस, बसवलंस. घामाघूम होऊन पंख्याखाली बसलास आणि म्हणालास, "बाई, यंदा येशील का तिकडे? एकडाव ये."

मी म्हटलं, "जेवायले काय करू?"

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. मग म्हणालास, "वांग्याची भाजी कर. तिखट."

एवढंच. यावर आपलं बोलणं संपलं. वांगी तेवढी चांगली झाली होती.

तर तुझी माती. चर्चमधली प्रार्थना झाली, पेटी उचलली, आणि मी आपली घरच्या कबरीकडे चालू लागले. काठी टेकत टेकत पुढे गेले तर मागे कुणीच नाही. वळून पाहिलं तर सगळे उजवीकडे. मेंदीकडे.

मी फिलोमिनाला म्हटलं, "हे कुठे चालले वं?"

ती म्हणाली, "यांनी लिहून दिलं होतं फादरकडे. चार वर्षं झाली. मले बी गेल्या महिन्यात सांगितलं."

"घरची कबर आहे न! बाबा आहेत, आई आहे..."

"ती म्हणे बाईले ठेवायची."

मेंदीत एका जागी वाट पडली होती. तुझ्या जाण्यायेण्याची. तेवढीच, एका माणसाच्या रुंदीची. पेटीला पुरेना, तर पोरांनी फांद्या मोडल्या. अठ्ठावन्न वर्षांनी मी त्या वाटेने आत गेले. गवत कमरेएवढं, पण मधे एक चौकोन साफ. कोपऱ्यात खुंटी. नवी होती, अंतू. रंधलेली, तेल लावलेली, वरचं टोक गोल केलेलं, कुणाच्या हाताला लागू नये असं. त्या खुंटीला लागून तुझा खड्डा.

आताचे फादर तरुण आहेत. प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी शिंपडलं. आधी खड्ड्यात, मग पेटीवर, मग चारही बाजूंना मातीवर, भरपूर. ऊन होतं. खुंटीवर थेंब पडलेले मला दिसले. लाकूड तेलाचं, त्यामुळे ते तसेच गोल उभे राहिले, ओघळले नाहीत. मी ते वाळेपर्यंत पाहत होते. फादरला खोटं न सांगता तू त्यांना पाणी घेऊन तिथपर्यंत आणलंस. सुतारच तू. सांधा बसेना तर दुसरीकडून बसवलास.

आता ते राहून गेलेलं सांगते.

आठ दिवसांनी मी फादरांना भेटले. म्हटलं, मला एक विचारायचं आहे. घाईचा बाप्तिस्मा द्यायचा आहे, पाणी आहे, शब्द येतात, पण बाळाचं नावच ठरलेलं नाही, तर?

फादर म्हणाले, "नाव नसलं तरी चालतं, मावशी. नुसतं 'मी तुला बाप्तिस्मा देतो' म्हटलं, पाणी घातलं, की झालं. नावावाचून अडत नाही."

मी खुर्चीचा हात धरला.

ते थोडं थांबून म्हणाले, "अंतूकाकांनी पण मला हेच विचारलं होतं. चार वर्षांपूर्वी. मी सांगितलं तर बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, बाईले सांगू नका."

तू तिथे बसला असशील तो चेहरा मला दिसतोय. बाबांनी आपल्याला ओसरीवर शिकवलं, आधी नाव. बाबांना तसंच शिकवलेलं असेल. आपल्या घरात कुणी कधी विचारलंच नाही की नाव नसेल तर. लोटाभर पाण्याच्या घराण्यातली आपण माणसं, आणि एवढं माहीत नव्हतं.

तू शब्द विसरला नव्हतास. हे जगात दोघांनाच माहीत होतं. आई नर्सकडे पळालेली. खोलीत तू, मी आणि तो. तू ओंजळीत पाणी घेतलंस आणि मला विचारलंस, "बाई, नाव काय ठेवलं? नाव सांग वं."

मी शुद्धीवर होते, अंतू. पूर्ण शुद्धीवर. मला ऐकू आलं. नाव ठरलेलं होतं, माझं आणि यांचं. पण आपल्यात नाव चर्चमध्ये सांगायचं, पांढरा झगा घालून, सगळ्यांसमोर. ओंजळीतल्या पाण्यापुढे सांगायचं म्हणजे ते मरणाऱ्याचं नाव. मला वाटलं, मी नाव सांगितलं नाही तर तो मरणार नाही. एवढंच वाटलं. आता ऐकायला वेड्यासारखं वाटतं. तुझ्या बोटांमधून पाणी गळत होतं. तू पुन्हा म्हणालास, "बाई, लवकर! नाव!" मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तू तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा तुझा आवाज रडका झाला होता. मग तू पाणी तसंच घातलंस त्याच्या डोक्यावर. नाव नाही म्हणून शब्द तोंडात अडकलेले. आणि पाणी त्याच्या कानामागून चादरीवर उतरेपर्यंत तो गेला.

आणि संध्याकाळी फादरांनी विचारलं तेव्हा तू सांगू शकला असतास. "मी तीनदा विचारलं, फादर. बाईने नाव सांगितलं नाही." खरं होतं ते. तू म्हणालास, आठवत नाही. मांजरीचं सोडलं तर जन्मात तू बोललेलं ते एकच खोटं असेल, आणि त्याच माणसाला मी अठ्ठावन्न वर्षं मनात सुनावत राहिले, की एक शब्द खोटा बोलला असतास तर.

मी हे आधी का सांगितलं नाही? आईला सांगायचं होतं, ती गेली. यांना सांगायचं होतं, तेही गेले. तुला सांगायची गरज नव्हती, तुला माहीतच होतं. तुझ्यावर रागावताना मला फार बरं वाटायचं, अंतू. तेवढा वेळ ती भिंत दिसायची नाही. आणि तू ते ओळखून रागावू दिलंस. जुलैत तू तिकडे ये म्हणालास तेव्हा, मला वाटतं, तुला एवढंच ऐकायचं होतं, माझ्या तोंडून, एकदा. मी विचारलं, जेवायले काय करू.

हे उद्या वाचायचं की नाही यावर दोन तास वही मिटून बसले होते. लाज वाटते. ऐंशीला आले, तरी वाटते. पण गावात तुला पाणी घालता न आलेला म्हणणारी दोन-तीन म्हातारी माणसं अजून जिवंत आहेत, पहिल्या बाकावर बसतात. आपल्या आजोबांच्या हातच्या नाही, पणजोबांच्या. त्यांच्या कानावर हे गेलं पाहिजे. प्रकाशला फोन केला आणि म्हटलं, सगळं वाच, एक ओळ गाळू नको, आणि मी तिथे पुढे बसणार आहे.

तो म्हणाला, "बरं आत्या. आणखी एक सांग, दोन नोव्हेंबरच्या आधी क्रूस लावायचा आहे. ग्रॅनाइटचा पाहू का? फोटो बसवून देतात."

"ग्रॅनाइट नको. कारखान्यात सागाची फळी असेल त्याची, तिचा कर. आणि खिळा मारू नको."

"मले नाही येत वं तसं... बरं, करवून घेतो कुणाकडून. लिहायचं काय?"

"नुसतं अँथनी."

"आडनाव? जन्म, मृत्यू?"

"काही नको. नुसतं अँथनी. आणि क्रूस बाबाच्या डोक्याशी नको लावू. खुंटी आहे न, तिच्या आणि बाबाच्या मधात लाव."

"काहून वं आत्या? मधात काहून?"

मी त्याला म्हटलं, उद्या वाचशील तेव्हा कळेल.

आम्ही ठरवलं होतं तू पंधरा-सोळाचा असल्यापासूनच, मुलगा झाला तर धर्मपिता अंतूच, आणि मग नाव पण त्याचंच. तुला चर्चमध्येच सांगायचं होतं, झगा घातलेलं पोर तुझ्या हातात देऊन, तुझं तोंड कसं होतं ते बघायचं होतं.

तू ओंजळ धरून उभा होतास आणि विचारत होतास. बाई, नाव सांग वं. लवकर.

अँथनी रे. अँथनी.